आधी तू निव

पोरी,

काल सिद्धेश्वर तलावाच्या कट्ट्यावर, तुझ्याकडे सांभाळायला दिलेल्या पोराबद्दल तू विचारलंस, "मावशी, पोटचा असता तर मी त्याच्यावर हात उगारला असता का?" तू रडत होतीस म्हणून मी गप्प बसले. आता सांगते. हा प्रश्नच सोड. पोटच्या लेकरांवरही हात उगारले जातात. संताप चढलेला असताना तू त्याच्यापुढं गेलीस, चुकलं ते तिथं. आधी स्वतः निव, मग बोल.

मला हे फार उशिरा उमगलं. निराधार पोरांची सोय ठरवणाऱ्या बालकल्याण समितीनं आमच्याकडे सोपवलेला मुलगा नऊ वर्षांचा होता. महिनाभरानं त्याच्या गादीखाली फडक्यात बांधलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी सापडली. मुंग्यांची रांग लागली होती. मे महिना, नळाला चार दिवस पाणी नाही, सासूबाई अंथरुणावर. मी ओरडले, "इथं तुला उपाशी ठेवतो का आम्ही?" त्यानं ते फडकं छातीशी धरलं आणि भिंतीला चिकटला. पुढं कितीतरी दिवस त्यानं दुसरी भाकरी मागितली नाही. उपास काढलेलं पोर भरल्या घरातही साठवून ठेवतं. ती चोरी नसते गं, धास्ती असते. मला कुणी सांगितलं नव्हतं, माझाही जीव मेटाकुटीला आला होता. पण भोगलं त्यानं.

म्हणून म्हणते, छाती धडधडायला लागली की तोंड बंद. माठापाशी जा, पाणी पी. श्वास घेताना लागतो त्याहून जास्त वेळ सोडताना लाव, त्यानं नाडी उतरते. पोर तुझे शब्द नंतर ऐकतं, आधी चेहरा वाचतं. तूच तापलेली असलीस तर ते शांत कसं होणार? आधी तू निव.

आणि असं पोर घरी सांभाळण्यासाठीच्या सरकारी बालसंगोपन योजनेचे महिन्याला 2250 रुपये मिळतात म्हणून थकवा बोलून दाखवायचा नाही, हे कुणी शिकवलं तुला? ते पैसे त्याच्या वह्या-दुधाचे आहेत, तुझ्या गप्प बसण्याचे नाहीत. जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा आणि "मला झेपत नाहीये" असं सरळ सांग. मी लाजेनं गेले नाही. तू जायचंस. सोमवारीच.

शनिवारी त्याला माझ्याकडे सोड. शेंगाचटणी कुटायची आहे, त्याच्या हाताला काम होईल. तू घरी दार लावून झोप.

तुझी मावशी