सिनेमे डिसेंबरात कळणार, इसार मात्र आत्ता

तुमच्या पत्रातला हिशोब आधी मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही अंदाज येईल. तुम्ही दोघं न्यू जर्सीत राहता. तुमची नोकरी एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर, पत्नी एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर, आणि तिला अजून कामाचा परवाना नाही; भारतात ती सिनेमाची संकलक होती. सनडान्स हा जानेवारीतला चित्रपट महोत्सव 2027 पासून युटामधलं पार्क सिटी सोडून कोलोरॅडोत बोल्डरला जातोय आणि तिथल्या पहिल्याच वर्षी तुम्हाला जायचंय. चार जोडप्यांनी मिळून दहा रात्रींसाठी एक घर हेरलंय. तुमचा वाटा 4,200 डॉलर. त्यातले 2,100 इसार म्हणून येत्या रविवारपर्यंत द्यायचे, परत न मिळण्याच्या अटीवर. विमान 900, पास-तिकिटं 1,500, खाणंपिणं-फिरणं 1,400, गरम कपडे 400. एकूण 8,400. बचत 19,000 आहे, घरखर्च महिना 5,200 आणि सगळं भागून हाती 900 उरतात. गेल्या वर्षीच्या भारतवारीचे 4,600 डॉलर अजून क्रेडिट कार्डावर आहेत, 24 टक्क्यांनी, आणि त्यापोटी तुम्ही महिना 200 भरता.

जा. पण त्या घरात नको, दहा दिवस नको आणि ‘ही गुंतवणूकच आहे’ असं म्हणत तर मुळीच नको.

गुंतवणुकीचं आधी बोलतो. तिथे ओळखी होतील, पुढे काम मिळेल, असं तुम्ही लिहिलंय. होतीलही. पण तुमचं आय-140, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने करायचा अर्ज, मंजूर होऊन तिला परवाना मिळेपर्यंत ती इथे पगारी काम घेऊ शकत नाही. म्हणजे या जानेवारीतल्या ओळखींतून या वर्षी एक डॉलरही यायचा नाही. तीन वर्षं कात्री हातात न धरलेल्या माणसाला सिनेमांच्या गर्दीत चार दिवस काढावेसे वाटतात, एवढं कारण मला पुरतं. हौस म्हटलं की माणूस आपोआप विचारतो, कितीपर्यंत? गुंतवणूक म्हटलं की हा प्रश्नच कुणी विचारत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांचे निम्मे घोळ या एका शब्दाने होतात.

आता घर. कागदावर 8,400 हा आकडा मोठा दिसतो, पण मला जास्त खटकतो तो पैसे देण्याचा क्रम. महोत्सवाचे सिनेमे जाहीर होतात साधारण डिसेंबरात. सुटी तिकिटं मिळतात त्याच्याही नंतर, जानेवारीत. आणि तुमच्याकडून घराचे पैसे मागताहेत जूनमध्ये. बाजारात तुरी म्हणतात ती हीच! काय पाहायला मिळणार हे ठाऊक नाही, तिकीट मिळेल की नाही ठाऊक नाही, तेव्हा तुमची नोकरी असेल का हेसुद्धा (देव करो आणि असो) ठाऊक नाही, पण 2,100 डॉलर गेलेले असतील. त्यामुळे या सहलीत मी थोडे जास्त पैसे मोजायला सांगेन ते फक्त एकाच गोष्टीसाठी: रद्द करता येण्याच्या सोयीसाठी. रद्द करता येणारी खोली रात्रीमागे वीस-तीस डॉलरने महाग असली तरी ती घ्या.

‘आत्ता नाही घेतलं तर काहीच उरणार नाही’ ही भीती पार्क सिटीहून आलेली आहे. तिथे ती खरी होती. जेमतेम आठ हजार वस्तीचं डोंगरातलं गाव, जानेवारीत आधीच स्कीइंगवाल्यांनी भरलेलं, आणि त्यात हा महोत्सव. बोल्डरची वस्ती लाखावर आहे, विद्यापीठाचं शहर आहे आणि डेन्व्हर तिथून तीसेक मैलांवर. डेन्व्हरच्या विमानतळावरून युनियन स्टेशनला रेल्वे जाते, तिथून बोल्डरला ‘फ्लॅटायरन फ्लायर’ बस. वाटेत ब्रूमफील्ड, सुपीरियरसारखी गावं लागतात. विमानतळावरून थेट बोल्डरचीही बस आहे. गाडी भाड्याने घेतलीत तर पार्किंग शोधण्यात दोन सिनेमे बुडतील. पहिल्या वर्षी भाव कुठे जातील ते घरमालकांनाही सांगता येणार नाही. आत्ता ते जुन्या गावाचे भाव नव्या गावात मागून बघताहेत, इतकंच.

शिवाय चार जोडप्यांचं घर. एक जोडपं गळलं की तुमचा वाटा 4,200 वरून 5,600 होतो. करार कुणाच्या नावावर आहे, गळणाऱ्याचा वाटा कुणी भरायचा, हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे बहुधा ठरलेलंही नाही. मैत्रीत लिहून काय घ्यायचं, असं मलाही एकदा वाटलं होतं. घरात फ्लू आला, आम्ही गेलो नाही, पैसे तर गेलेच आणि पुढचे सहा महिने त्या मित्राशी नीट बोलणंही नव्हतं.

आता पैशांकडे वळू. कार्डाचे 4,600 आजच बचतीतून भरून टाका. तुम्ही भरता त्या 200 पैकी सध्या 92 नुसतं व्याज आहे. याच गतीने गेलात तर अडीच वर्षं फेडत बसाल. बचत 14,400 वर येईल, पोटात गोळा येईल, हे मान्य. पण मग ते 200 सुटतात आणि महिना 1,100 मागे पडायला लागतात. जूनपासून डिसेंबरपर्यंत सात महिन्यांचे 7,700 धरले तर 22,100 होतात. त्यातून 3,000 ची सहल केलीत तरी 19,100 उरतात, डोक्यावर कर्ज नाही. तुमच्या मूळ बेताने गेलात तर खात्यात 16,900 दिसतील खरे, पण कार्डाचे अजून 3,800 च्या आसपास देणं असेल. खरे तुमचे 13,100. म्हणजे अडीच महिन्यांचा घरखर्च.

इथे मी इतरांपेक्षा तुमच्या बाबतीत जास्त कडक आहे, आणि त्याला कारण व्हिसा. नोकरी गेली तर एच-वन-बीवाल्याला इथे राहायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. आय-94 ची, म्हणजे इथे राहण्याच्या परवानगीच्या नोंदीची, मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. घरात दुसरा पगार नाही. त्या दोन महिन्यांत नवी नोकरी शोधायची, आणि नाहीच मिळाली तर घराचा करार मोडण्याचा दंड, सामान, भारताची तिकिटं हे सगळं एकदम अंगावर येतं. म्हणून साडेतीन महिन्यांच्या घरखर्चाच्या खाली मी तुम्हाला उतरू देणार नाही. 19,100 त्या रेषेच्या जरा वर आहेत. 3,000 हा आकडा तिथूनच आला.

फोर-ओ-वन-के, म्हणजे पगारातून कापली जाणारी निवृत्तीची बचत, काही महिने थांबवू का, असं शेवटी विचारलंय. कंपनी बरोबरीने पैसे घालते तोवर नाही. हप्त्यांवर तिकिटं? तेही नाही.

3,000 मध्ये काय बसतं? शेवटचा शनिवार-रविवार धरून चार दिवस. पहिल्या चार-पाच दिवसांत तारेतारका, पार्ट्या आणि सगळ्यात चढे भाव असतात. शेवटाकडे गर्दी ओसरते, बक्षिसं जाहीर होतात आणि बक्षीस मिळालेले सिनेमे त्याच शनिवार-रविवारी पुन्हा दाखवतात. संकलकाला यापेक्षा वेगळं काय हवं! माझा अंदाज असा: विमान 700, राहणं 1,100, सुटी तिकिटं 400, खाणं आणि बस 450, कपडे 150 (जॅकेट कुणाचं तरी मागून घ्या, न्यू जर्सीत राहता), वर 200 हाताशी. पास घेऊ नका. वेटलिस्टवर नंबर लावून थिएटरबाहेर उभं राहणं ही तिथली जुनी रीत आहे, आणि शेवटच्या दिवसांत ती बऱ्यापैकी फळते. विमानाचं तिकीट थेट कंपनीकडून, बेसिक इकॉनॉमी (सगळ्यात स्वस्त, अटींनी बांधलेलं तिकीट) टाळून घ्या. सुटायला सात दिवसांहून जास्त अवकाश असेल तर पहिल्या 24 तासांत ते फुकट रद्द करता येतं. तेवढ्यात दोघांच्या तारखा पक्क्या करून टाका.

आरोग्य विम्याचं एकदा तपासा. एचएमओ, म्हणजे ठरावीक डॉक्टर-इस्पितळांपुरता विमा, असेल तर दुसऱ्या राज्यात साधारणपणे फक्त तातडीचे उपचारच धरले जातात. बोल्डर साडेपाच हजार फुटांवर आहे, पार्क सिटीपेक्षा बरंच खाली, त्यामुळे डोकेदुखीपलीकडे फारसं काही होऊ नये. पण रस्त्यावरच्या अँब्युलन्सच्या बिलाला अनपेक्षित वैद्यकीय बिलांविरुद्धचा 2022 चा ‘नो सरप्रायझेस’ कायदा वाचवत नाही, हे लक्षात असू द्या.

पहिल्याच वर्षी जाण्याचा हट्ट मला कळतो. सनडान्स उभा करणारे अभिनेते-दिग्दर्शक रॉबर्ट रेडफर्ड तरुणपणी बोल्डरच्याच विद्यापीठात होते, आणि महोत्सव तिथे पोचण्याआधीच, 2025 च्या सप्टेंबरात, गेले. पण महोत्सवाचंही गाव पहिल्यांदा बदलत नाहीये: 1978 मध्ये तो सॉल्ट लेक सिटीत सुरू झाला, 1981 च्या जानेवारीत पार्क सिटीला गेला आणि ‘सनडान्स’ हे नाव तर 1991 मध्ये मिळालं. डिसेंबरात सिनेमांची यादी आली आणि तिला त्यातलं काहीच भावलं नाही, तर खोली रद्द करा आणि 2028 चं बघा. रद्द करता येणारी खोली घ्यायची ती त्यासाठीच.

मित्रांना रविवारच्या आत नाही म्हणून कळवा, म्हणजे त्यांना चौथं जोडपं शोधायला वेळ मिळेल. एका संध्याकाळी जेवायला येऊ, हेही सांगून ठेवा. त्या घराचं स्वयंपाकघर मोठं आहे, असं तुम्हीच लिहिलंय.