वाचकांचे प्रश्न : वाकड्या बोटांचा सर्जन

प्रश्न : मदुराईच्या डॉ. वेंकटस्वामींची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती, तरी त्यांनी लाखाहून जास्त डोळ्यांची ऑपरेशनं केली, असं वाचलं. माझ्या आईला याच आजारानं चहाचा कप धरवत नाही. त्यामुळे ही गोष्ट फुगवलेली वाटते.
– एक वाचक, सातारा

उत्तर : फुगवलेली नाही. त्यांच्या हातांचे फोटो पाहा, खात्री पटेल. गोविंदप्पा वेंकटस्वामी 1918 साली तामिळनाडूतल्या वडमलापुरम या खेड्यात जन्मले. 1944 मध्ये मद्रासला डॉक्टर झाले, मग सैन्यात गेले. त्यांना खरं तर बाळंतपणं करायची होती. तिशीच्या सुमारास आमवातानं, म्हणजे याच संधिवातानं, गाठलं, कित्येक महिने अंथरुणात गेले, सैन्याची नोकरीही सुटली. बाळंतपणाला मनगटात जोर हवा. डोळ्याच्या ऑपरेशनात जोर जवळजवळ लागतच नाही. हाताला रुग्णाच्या कपाळाचा टेकू मिळतो आणि हालचाल काही मिलिमीटरचीच असते. हाताला जमतील अशी हत्यारं घेऊन ते हे काम नव्यानं शिकले.

मात्र आईला "बघ, त्यांना जमलं" असं कृपा करून सांगू नका. त्या काळी नव्हती अशी औषधं आज आहेत, वेळेवर सुरू केली तर सांधे बरेच वाचतात. संधिवाततज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : आमचे मामा मोफत शिबिरात मोतीबिंदू काढून घ्यायला तयार नाहीत. म्हणतात, "फुकट म्हणजे शिकाऊ पोरांनी आपल्या डोळ्यावर हात बसवायचा." त्यांना कसं समजवावं?
– एक वाचक, परभणी

उत्तर : मामांची शंका अगदीच खुळी नाही. शाळेच्या वर्गात टेबलं मांडून ऑपरेशनं उरकणारी आणि संध्याकाळी गाडीत बसून निघून जाणारी शिबिरं मी नोकरीत असताना पाहिली आहेत. दुसऱ्या दिवशी पट्टी कोण सोडणार, हे कुणी विचारायचं नाही.

पण वेंकटस्वामींचं नाव घ्यायचं ते इथेच. लोक त्यांना संत म्हणून हार घालतात आणि मोकळे होतात, त्यांचा हिशेब कुणी वाचत नाही. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर 1976 मध्ये त्यांनी मदुराईत 'अरविंद' हे अकरा खाटांचं डोळ्यांचं रुग्णालय सुरू केलं. भावंडं हाताशी आली. बहीण नाचियार आणि तिचे यजमान नंपेरुमाळसामी, दोघंही नेत्रतज्ज्ञ. कर्ज मिळेना, तेव्हा घरातले दागिने गहाण पडले.

तिथली पद्धत अशी की थिएटरमध्ये दोन टेबलं. एकावर ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार असतो. ही तयारी खेड्यातून येऊन तिथेच शिकलेल्या मुली करतात. सर्जननं फक्त सर्जनचंच काम करायचं. त्यामुळे एकेका डॉक्टरच्या हातून वर्षाला इतरांच्या कैक पट ऑपरेशनं होतात, आणि पैसे देणाऱ्यांच्या फीमधून फुकटवाल्यांचा खर्च निघतो. डॉक्टर दोन्हीकडे तेच, पाळीपाळीनं. फरक खोलीचा : इकडे खाट, तिकडे चटई. पैसे देऊन की फुकट, ते रुग्णानं ठरवायचं, उत्पन्नाचा दाखला कुणी मागत नाही. मला स्वतःला हे दाखला न मागणं सगळ्यात मोठं वाटतं.

एक गोष्ट त्यांनाही पुढे कळली. ऑपरेशन फुकट असूनही माणसं येत नव्हती. एसटीचं भाडं, सोबत येणाऱ्याची बुडणारी मजुरी, परक्या गावात जेवायचं कुठे? मग गावातून नेणं-आणणं, राहणं, जेवण सगळं त्यातच धरलं गेलं.

लेन्सचंही तसंच. पूर्वी डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग नुसतं काढत आणि सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा देत. तो फुटला की माणूस पुन्हा आंधळा. डोळ्यात बसवायची लेन्स परदेशातून यायची, गरिबाला परवडायची नाही. 1992 मध्ये त्यांच्याच ऑरोलॅबनं ती मदुराईत बनवायला घेतली आणि किंमत दहा डॉलरच्या आसपास आणली.

तेव्हा मामांना शिबिरवाल्यांना चार गोष्टी विचारायला सांगा. ऑपरेशन कोण करणार? लेन्स बसवणार का? दुसऱ्या दिवशी कोण तपासणार? डोळा लाल झाला, दुखला तर रात्री कुणाकडे यायचं? उत्तरं सरळ आली तर खुशाल जावं. "ते नंतर बघू" म्हणाले, तर दुसरीकडे.

प्रश्न : मोतीबिंदू पूर्ण पिकल्यावरच काढावा ना?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही, ती जुन्या पद्धतीच्या काळातली समजूत. रोजची कामं अडू लागली, रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकू लागले की काढावा. फार पिकू दिला तर तो कडक होतो, काढायला अवघड जातो आणि कधी डोळ्यातला दाब वाढून भयंकर दुखतं. मधुमेह असेल तर आधी पडदाही तपासून घ्या.