एक सेल आधी भरत असेल, तर तो बदलावा का?

प्रश्न: लिथियम आयर्न फॉस्फेटचे १०० अँपिअर-अवर क्षमतेचे चार सेल मी एकसर जोडले आहेत. चार्जर १४.६ व्होल्टचा आहे, परंतु १३.९ व्होल्टलाच बीएमएस (बॅटरीच्या सेलवर लक्ष ठेवणारे संरक्षक सर्किट) चार्जिंग तोडतो. त्या वेळी तीन सेल ३.४२ व्होल्टच्या आसपास आणि चौथा ३.६५ व्होल्टवर असतो. पॅक अर्धा भरलेला असताना मात्र चारही सेल सारखे दिसतात. चौथा सेल बदलावा, की ॲक्टिव्ह बॅलन्सर (जास्त भरलेल्या सेलमधला चार्ज कमी भरलेल्या सेलकडे वळवणारे उपकरण) बसवावा?

उत्तर: यांपैकी काहीही करण्याआधी चौथा सेल नुसता अधिक भरलेला आहे, की त्याची क्षमताच कमी आहे, हे ठरवायला हवे. एकसर जोडणीत चारही सेलमधून एकच विद्युतप्रवाह वाहत असल्याने, एखाद्या सेलमध्ये सुरुवातीला दोन अँपिअर-अवर चार्ज जास्त असेल, तर कितीही वेळा चार्जिंग केले तरी तो फरक आपोआप मिटत नाही. बीएमएस सर्वांत आधी भरणाऱ्या सेलकडे पाहून थांबतो आणि ते योग्यच आहे.

पॅक अर्धा भरलेला असतानाच्या सारखेपणावर विसंबू नका. या सेलचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात ३.२ ते ३.३ च्या दरम्यान जवळजवळ स्थिर राहतो, त्यामुळे चार्जमधला बराच मोठा फरकही काही मिलिव्होल्टमध्ये दडतो. बॅलन्सर याच टप्प्यात चालू राहिला, तर तो चार्ज चुकीच्या सेलकडेही वळवू शकतो. म्हणून बॅलन्सिंग ३.४ व्होल्टच्या वरच सुरू व्हावे.

आता पॅक बेताच्या लोडवर, बीएमएस पुरवठा तोडेपर्यंत, रिकामा करत न्या आणि प्रत्येक सेलच्या थेट टर्मिनलवर मल्टिमीटर लावून पाहा, कारण सैल बसबारमुळेही (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्टीमुळेही) वाचन फसते. चौथा सेल सर्वांत शेवटी रिकामा झाला, तर त्यात फक्त चार्ज जास्त आहे. तोच सेल आधी भरून आधीच रिकामा होत असेल, तर त्याची क्षमता घटली आहे.

पहिल्या परिस्थितीत चार्जर १३.८ व्होल्टवर ठेवून बीएमएसला वेळ द्या. साधा बीएमएस जास्त भरलेल्या सेलचा चार्ज रेझिस्टरमधून साधारण ५० मिलिअँपिअरनेच जाळत असेल, तर दोन अँपिअर-अवर काढायला ४० तास लागतात आणि बहुतेकांचा धीर नेमका इथेच सुटतो. घाई असल्यास पॅक भरल्यावर चार्जर काढून फक्त चौथ्या सेलवर ३.३ ओहमचा, १० वॅटचा रेझिस्टर जोडा. सुमारे एक अँपिअर प्रवाहाने हेच काम दोन तासांत होते. रेझिस्टर चांगलाच तापतो, तेव्हा तो सेलपासून दूर ठेवा आणि काम पूर्ण होईपर्यंत जवळून हलू नका.

क्षमताच घटली असेल, तर बीएमएसच्या अशा बॅलन्सिंगने ती परत येत नाही. तो सेल बदला आणि नवा सेल एकसर जोडण्यापूर्वी उरलेल्या तिघांसह प्रत्येक सेल स्वतंत्रपणे ३.६५ व्होल्टपर्यंत, प्रवाह जवळजवळ शून्यावर येईस्तोवर, भरून घ्या.