निम्न मध्यम : निम्न की मध्यम?

दारव्हा तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. 'भारत निम्न मध्यम उत्पन्न गटात मोडतो' हे वाक्य वर्गात वाचलं की पोरं विचारतात, "मॅडम, निम्न की मध्यम? एक काहीतरी सांगा." आणि सरळ 'गरीब देश' म्हटलं तर चुकतं का?

मध्यम. मध्यम गटाचे दोन भाग केले, त्यातला खालचा. तुमच्या शाळेच्या पाटीवर 'उच्च प्राथमिक' असेलच. त्याचा अर्थ प्राथमिकमधले वरचे वर्ग. इथेही तसंच, 'निम्न' हे विशेषण 'गटा'चं नाही, 'मध्यम'चं आहे. अडचण खरी वेगळीच : 'निम्न' म्हटलं की हलकं, कमी प्रतीचं असं डोक्यात येतं. विदर्भातल्या पोरांना मात्र हा शब्द धरणांवरून सांगता येतो. मोर्शीजवळ ऊर्ध्व वर्धा, त्याच नदीवर खाली आर्वी तालुक्यात निम्न वर्धा. निम्न वर्ध्याला हलकं धरण कोणी म्हणत नाही.

गट पाडते जागतिक बँक, दरवर्षी १ जुलैला, दरडोई राष्ट्रीय उत्पन्नावरून. २०२४ च्या यादीत १,१४६ ते ४,५१५ डॉलर म्हणजे निम्न मध्यम. त्याखालच्या गटातून भारत २००७ च्या आकड्यांवर बाहेर पडला. म्हणून या यादीबद्दल बोलताना 'गरीब देश' नको. देशात गरीब किती, हा हिशेब निराळा.

'दरडोई' म्हणजे माणशी, घरामागे नव्हे. आणि ती सरासरी आहे : चाळीस एकरांचा एक पाटील आणि नऊ भूमिहीन मजूर, तरी माणशी चार एकर पडतेच.

आणखी एक चूक वर्तमानपत्रांतही दिसते. 'बहुतेक देश' आणि 'बहुतेक लोक' यांची सरमिसळ. त्याच यादीत सर्वांत मोठा गट उच्च उत्पन्नाचा, ८६ देश-प्रदेशांचा; निम्न मध्यम गटात ५१. माणसं मात्र सर्वांत जास्त या ५१ मध्ये, कारण भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नायजेरिया सगळे इथेच. आठ लाखांच्या आतला भूतानही याच रांगेत, आणि मोजताना त्याचा एक नि आपलाही एकच.

सर्वांत खालच्या गटाला मी 'अल्प उत्पन्न' लिहितो. तिथेही 'निम्न' वापरलं की पोरांचा प्रश्न पुन्हा उभा राहणार.