सुई नेमकी कुणासाठी?

"ऑपरेशन होऊन महिना झाला, दुखणं हटत नाही. घरच्या घरी ॲक्युपंक्चर केलं तर चालेल का?" हा प्रश्न अलीकडे माझ्याकडे इतक्यांदा आला, की शेवटी लिहायला बसले. आईसाठी कुणी विचारतं, नवऱ्यासाठी कुणी विचारतं. ज्याचं ऑपरेशन झालंय तो स्वतः मात्र क्वचितच विचारतो. यात काहीतरी दडलंय, हे मला एका जोडप्यामुळे कळलं. ओळख पटू नये इतके बदल करून त्यांची गोष्ट सांगते.

काका-काकू सोलापूरचे, पुण्यात लेकीकडे राहायला आलेले. काकूंचा उजवा गुडघा बदलून पाच आठवडे झाले होते. गुडघा हवा तितका वाकत नव्हता, व्यायामाची वेळ झाली की त्यांना रडू फुटायचं, आणि रात्री घरात कुणालाच धड झोप नव्हती. काकांनी व्हिडिओ बघून सुया मागवल्या आणि रोज संध्याकाळी काकूंच्या पायाला टोचायला सुरुवात केली. लेक घाबरली आणि दोघांना माझ्याकडे घेऊन आली.

काका तयारीनेच आले होते. "मॅडम, कोटणीस डॉक्टर आमच्या सोलापूरचे. चीनला गेले. ही विद्या तिकडचीच. यात चूक काय?"

विद्येत चूक नव्हती, आणि ते मी आधी कबूल केलं. समोरच्याचा विश्वास मोडीत काढून त्याच्याशी बोलता येत नाही, असं माझं जुनं मत आहे. 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात द्वारकानाथ कोटणीस होते. त्यांच्याच पथकातले डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी पुढे 1959 मध्ये ॲक्युपंक्चर भारतात आणलं. गुडघा बदलल्यानंतरच्या वेदनांवरही अभ्यास झालेत. 2017 मध्ये औषधाविना केलेल्या उपायांच्या 39 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा ॲक्युपंक्चरमुळे जालीम वेदनाशामकांची गरज जरा उशिरा लागते असं दिसलं. "पण काका," मी म्हटलं, "तिथे टोचणारे हात शिकलेले असतात. आणि कोटणीस स्वतः सर्जन होते. जखम स्वच्छ ठेवणं म्हणजे काय, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नसतं."

काका गप्प झाले, पण पटलं नव्हतं. दुसऱ्या भेटीत मी सुयांचा विषयच काढला नाही. "टोचताना मनात काय चालू असतं?" एवढंच विचारलं.

"मीच हिला बरी केली पाहिजे. ही ऑपरेशनला नकोच म्हणत होती. मीच मागे लागलो होतो."

ते वाक्य मी कागदावर लिहिलं आणि 'मीच' मधल्या 'च'भोवती गोल केला. काका बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. दुखणं पायात असतं, पण माणसाला रात्रभर जागवतो तो हा 'च', हे मी वर्षानुवर्षं बघत आलेय.

खरी गाठ तिसऱ्या भेटीत सुटली. मी काकूंना विचारलं, "सुयांनी तुम्हाला आराम पडतो का?"

काकूंनी आधी काकांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "खरं सांगू? मला काही फरक पडत नाही. पण हे दिवसभर नुसत्या येरझाऱ्या घालतात. सुया हातात घेतल्या की तेवढा वेळ शांत बसतात. यांना बरं वाटावं म्हणून मी टोचून घेते."

खोलीत कुणी बोललं नाही. अशा वेळी तोंड मिटून बसणं मला फार उशिरा जमलं, पण त्या दिवशी जमलं. काकांचे डोळे भरून आले. "मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

म्हणजे त्या घरात उपचार चालू होते ते काकांवर, आणि ते करत होती पेशंट! तेव्हापासून घरच्या उपायांबद्दल कुणी विचारलं, की मी आधी एकच गोष्ट विचारते: हे ज्यांच्यासाठी करताय, त्यांना विचारलंत का? उत्तर येईपर्यंत मी पुढे सरकत नाही.

आता प्रश्नाकडे. सुई घरी नकोच. नवीन सांध्याजवळ कातडीला छिद्र पडलं की जंतूंना वाट मिळते, आणि बसवलेल्या सांध्यात जंतुसंसर्ग झाला तर पुन्हा ऑपरेशनची वेळ येऊ शकते. त्यात बऱ्याच जणांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतात, कुणाला मधुमेह असतो, जखमेभोवतीची कातडी बधिर असते. सुया घ्यायच्याच असतील तर आधी सर्जनला विचारा, मग नोंदणी असलेल्या ॲक्युपंक्चर तज्ज्ञाकडे जा. महाराष्ट्रात यासाठी 2015 चा कायदा आहे, त्यामुळे नोंदणी क्रमांक विचारायला अजिबात संकोच करू नका.

बोटांनी दाबणं मात्र घरी करता येतं. मनगटाच्या आतल्या घडीपासून कोपराकडे तीन बोटं मोजा. तिथे दोन ताठ दोऱ्या हाताला लागतात (त्या स्नायूंच्या, रक्ताच्या शिरा नव्हेत), त्यांच्या मधली जागा अंगठ्याने दोन-तीन मिनिटं, सोसेल इतकीच दाबा. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर या जागेचा अभ्यास 59 चाचण्यांमध्ये झालाय आणि परिणाम औषधाच्या जवळपास आढळलाय. जखम, सूज आणि पोटरी यांना हात लावू नका. पोटरीत रक्ताची गुठळी झालेली असेल तर चोळणं जिवावर बेतू शकतं. पोटरी सुजून दुखायला लागली, दम लागला, ताप आला किंवा जखमेतून पाणी यायला लागलं, तर दाबत बसू नका, तडक डॉक्टरांना गाठा. आणि व्यायाम टाळू नका. गोळी व्यायामाच्या किती आधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून ठेवलं, तर निम्मं रडणं वाचतं.

काकांनी उरलेल्या सुया जाड डब्यात बंद करून हॉस्पिटलात नेऊन दिल्या. संध्याकाळची वेळ तीच ठेवली, फक्त आता कुठे आणि किती दाबायचं हे काकू सांगतात. शेवटच्या भेटीला त्या काठी टेकत स्वतः जिना चढून आल्या. मी विचारलं, "मग, दाबणं चालू आहे ना?"

"आहे की! पण आधी मी यांचा हात दाबते," काकू म्हणाल्या, "मग हे माझा."