अर्ज लेखी द्या, पोच घ्या

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. कलमांच्या हंगामात बाबांबरोबर बागेत असतो. पाच डझनांच्या सात पेट्या म्हणजे चारशेवीस आंबे, हे बाबांच्या आधी सांगतो. पण वाचायला बसला की 'घर'चं 'धर' होतं, जोडाक्षर आलं की गप्प. शाळेत तीनदा भेटले. 'लक्ष नाही त्याचं, पुढच्या वर्षी बघू' एवढंच ऐकलं. आता कुणी म्हणतं, मतिमंदांच्या शाळेत घाला. सासूबाई चिडल्या, 'माझो नातू खुळो नाय!' काय करू?
— एक आई, देवगड तालुका

उत्तर : सासूबाईंचं बरोबर आहे. दुसरी शाळा शोधू नका, मदत याच शाळेत मागायची आहे. अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं जड जाणं, असेल, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ती येते. अशी मुलं लवकर ओळखून त्यांना शिकायला मदत करणं हे त्याच कायद्याने शाळेचं काम ठरवलंय. 'पुढच्या वर्षी बघू' हे उत्तर होत नाही.

पण आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मी तालुक्याच्या गट साधन केंद्रात अशा मुलांसाठीची विशेष शिक्षिका होते, तेव्हा 'मठ्ठ' म्हणून मागच्या बाकावर बसवलेली एक मुलगी भेटली. दोन वर्षं तिचा कान वाहत होता, तिला फळ्यापाशी चाललेलं अर्धं ऐकूच येत नव्हतं. शाळा तपासणीला आरोग्य पथक येतं, त्यांच्याकडे ही तपासणी होते.

मग मुख्याध्यापकांना अर्ज लिहा, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. तुम्ही तीनदा भेटलात, पण तोंडी. तोंडी बोलणं घंटा वाजली की संपतं. अर्जात 'अभ्यासात कच्चा' लिहू नका. पाच ओळी वाचायला किती मिनिटं लागतात, तीच गोष्ट तोंडी विचारली तर काय सांगतो, हे लिहा. तो चारशेवीसचा हिशेबसुद्धा लिहा, मला तर तो फार आवडला. वहीच्या दोन पानांची झेरॉक्स जोडा. विशेष शिक्षकांकडून मूल्यमापन व्हावं, असं स्पष्ट मागा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्या. एका विशेष शिक्षकाकडे पुष्कळ शाळा असतात. 'येतील कधीतरी'वर थांबू नका, येण्याचा वार विचारून घ्या.

पुढे बसवणं, प्रश्न वाचून दाखवणं, उत्तर तोंडी घेणं, फळ्यावरचं उतरवायला जास्त वेळ देणं... यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला लागत नाही, बाईंची तयारी लागते. बाईंशी भांडू नका, वर्षभर मूल त्यांच्यासमोर आहे.

दाखला मात्र काढाच, आठ वर्षं पूर्ण झाल्यावर तो मिळतो. स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे या दाखल्याच्या सरकारी संकेतस्थळावर, अर्ज करून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. तिथे चाचणीची सोय नसेल, तर कुठे पाठवणार ते लिहून मागा. बुद्ध्यांकाची आणि वाचन-लेखनाची, अशा दोन चाचण्या असतात. वाचन-लेखनाची मराठीतूनच घ्या म्हणून आग्रह धरा. मराठी शाळेतल्या पोराला इंग्रजी उतारा देऊन काय कळणार? दाखल्याने कपाळावर शिक्का बसत नाही. पुढे दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागायच्या, तर हाच कागद लागतो. त्या सवलतींचे अर्ज शाळेमार्फत जातात, तेव्हा नववीतच विषय काढा.

हे सगळं दिवाळीनंतर उरका. मार्चनंतर तुमच्या घरात पेट्या भरण्यापलीकडे कुणाला वेळ असणार नाही. चाचणीच्या दिवशी त्याला पोटभर खायला घालून न्या. ओरोसला पोचेपर्यंत पोरं एसटीत कंटाळतात, आणि भुकेलं मूल येतं तेही सांगत नाही. 'परीक्षा आहे' म्हणू नका. बाबांना जमलं तर त्यांनाही बरोबर घ्या.