काउल न काढता टाकी कशी भरायची?

प्रश्न : माझ्या मॉडेल विमानातलं ग्लो इंजिन (ठिणगीऐवजी तापलेल्या ग्लो प्लगने इंधन पेटवणारं) पूर्ण काउलच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, आत आहे. टाकीच्या दोन नळ्या आहेत : एक कार्बोरेटरला, एक मफलरला. इंधन भरताना कार्बोरेटरची नळी मधल्या जोडापाशी सोडवून काउलखालच्या फटीतून बाहेर ओढतो, म्हणून ती लांब ठेवली आहे. काउल नसताना इंजिन उत्तम चालतं, बसवल्यावर थोड्याच वेळात बंद पडतं. काय करू?

उत्तर : ती लांब ठेवलेली नळीच मला संशयास्पद वाटते. काउल चढवताना तिचा फुगवटा आत दाबला जातो आणि नळी कुठेतरी दुमडते. वर तो मधला जोड. रोज सोडला-जोडला की सैल होतो आणि तिथून हवा ओढली जाते. हवेचा बुडबुडा आला की मिश्रण पातळ होतं आणि इंजिन गळपटतं.

कार्बोरेटरची नळी एकदा बसवली की तिला हात लावायची वेळच येऊ नये, अशी मांडणी करा. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत अखंड, शक्य तितकी आखूड, मफलरला न टेकणारी. फिल्टरसुद्धा या नळीत नको. तो भरायच्या पंपाच्या नळीवर लावा.

भरण्यासाठी तिसरी नळी घ्या. टाकीच्या बहुतेक बुचांना तिसऱ्या भोकाची जागा असतेच. आत दुसरा क्लंक (लवचिक नळीच्या टोकाला असलेलं, इंधन ओढणारं वजन) सोडू नका, दोन लवचिक नळ्या एकमेकींत अडकतात. त्याऐवजी पितळी नळी वाकवून टाकीच्या तळाशी न्या. मफलरची नळी वर, टाकीच्या छताजवळ. क्लंक मागच्या भिंतीपासून चार-पाच मिलिमीटर अलीकडे, मोकळा हलणारा. पितळी नळीची कापलेली कड कानशीने घासून गुळगुळीत करा, नाहीतर सिलिकॉन नळी आतून चिरते आणि चीर बाहेरून दिसत नाही. टाकी विमानात घालण्यापूर्वी पाण्यात बुडवा, दोन तोंडं बंद करून तिसऱ्यातून फुंका. बुडबुडे आले तर बूच पुन्हा आवळा.

तिसऱ्या नळीचं तोंड काउलच्या कडेशी आणा आणि त्यात घट्ट गुडदी बसवा. गुडदीला लाल फीत बांधाच. गुडदी लावायची राहिली तर मफलरच्या नळीतून टाकीत येणारा, इंधन पुढे ढकलणारा दाब निघून जातो आणि इंजिन नेमकं नाक वर करून चढताना दगा देतं.

भरताना थ्रॉटल पूर्ण बंद ठेवा. मफलरची नळी हाताला लागत असेल तर मफलरकडून काढा. तिच्यातून इंधन आलं की टाकी भरली. मफलरही काउलच्या आत असेल तर टाकी आधी रिकामी करून मोठ्या सिरिंजने मोजून भरा. ३०० मिलिलिटरच्या टाकीत २८० पुरे. वाहून गेलेलं इंधन मफलरमधून सिलिंडरमध्ये शिरू शकतं. द्रव दाबला जात नाही, आणि अशा इंजिनाला इलेक्ट्रिक स्टार्टर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून ग्लो प्लगची बॅटरी जोडण्याआधी पंखा हाताने एक-दोन फेरे फिरवून बघा. कुठे अडला तर जोर लावू नका, प्लग काढून इंधन बाहेर येऊ द्या. इंजिन उलटं बसवलेलं असेल तर ही तपासणी कधीच टाळू नका.

टाकीची उंचीही बघा. तिची मध्यरेषा कार्बोरेटरच्या सुईच्या (इंधन कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूच्या) पातळीत किंवा सहा ते दहा मिलिमीटर खाली हवी. वर असेल तर उभ्या विमानातही इंधन कार्बोरेटरकडे झिरपत राहतं.

एवढं करूनही काउलमध्ये इंजिन बंद पडलं, तर गरम हवेची वाट तपासा. हवा बाहेर पडायची फट आत येणाऱ्या तोंडाच्या निदान दुप्पट हवी.

पुढे कधी पेट्रोल इंजिन बसवलंत तर सिलिकॉन नळ्या चालणार नाहीत, पेट्रोलमध्ये त्या फुगतात. पेट्रोलसाठीच्या नळ्या आणि बूच वेगळे घ्या.